आतली कडी

कोरड्या ओढ्यापाशी आल्यावर रतनबाईने करवंदांची पाटी डोक्यावरून उतरवून कातळावर ठेवली आणि ती मागे वळून आपल्या गावाकडे, कुरवंड्याकडे बघत राहिली. घर तिथून दिसत नव्हतं. दिसत होता तो शेजारच्या झुंबरबाईच्या आंब्याचा शेंडा, आणि त्याच्याकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं.

घरात नऊ वर्षांची साळू होती आणि दीड वर्षाचा गेणू. एरवी रतनबाई बाजाराला निघाली की पोरांपाशी सासू असे. पण सासू शिरगावला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. नवरा हौशीराम रेल्वेच्या कामावर घाटात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. करवंदं आदल्या दिवशी तोडलेली. आज लोणावळ्याला गेली नाहीत तर उद्या गुरांपुढे टाकायची. तेव्हा साळू म्हणाली होती, "मी ऱ्हाते की. त्यात काय." हे 'त्यात काय' रतनबाईच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

म्हणून निघताना तिने बजावण्यात जरा अतीच केलं. त्या साली लोणावळ्याकडे धरणाचं काम चाललं होतं, आणि भिंतीत घालायला पोरं पळवतात अशी आवई मावळभर उठली होती. आवईत तथ्य काही नव्हतं. रतनबाईचाही तिच्यावर फारसा विश्वास नव्हता. पण नुसतं 'दार उघडू नको' म्हटल्याने पोर ऐकेल, यावर तर मुळीच नव्हता.

"पोरं धरनारी एक बाई हाय," तिने सांगितलं. "लय हुशार. वळखीच्या मानसाचं रूप घेती. आयचं बी घेती, आवाज बी तसाच काढती. मी दिवस मावळताना येनार. तवर कडी काढायची न्हाई."

"कुनाला बी?"

"कुनाला बी."

साळूने मान हलवली होती. फार भराभर हलवली, असं आता रतनबाईला वाटलं. पाटी पुन्हा डोक्यावर चढवून ती आल्या वाटेने घराकडे निघाली.

दार बंद होतं. मागचंही. तिला बरं वाटलं, पण तेवढ्यावर भागेना. पाटी ओट्यावर ठेवून, पदर तोंडाशी धरून तिने घोगरा आवाज काढला.

"बाये, वाईच पानी दे गं. लांबनं आलेय."

"हीर वडाखाली हाय," आतून उत्तर आलं. "पोहरा तितंच हाय."

रतनबाईला हसू आवरेना. पोर पक्की निघाली म्हणायची. तिने पदर सोडला.

"साळे, मीच गं. काढ कडी."

आतली पावलं दाराजवळ आली.

"आय बाजाराला गेलीया."

"अगं, आलीया परत."

"ती दिवस मावळताना येनार हाय."

"फटीतनं बघ की मला."

दाराच्या फटीशी एक डोळा आला. त्याने तिला पायापासून कपाळापर्यंत सावकाश न्याहाळलं.

"दिसतीस आयसारकीच," साळू म्हणाली. "ती बाई बी तशीच दिसती."

रतनबाईने मग पुरावे द्यायला सुरुवात केली, आणि आतून एकेक पुरावा खोडला जाऊ लागला. तुझ्या बापाचं नाव हौशीराम. ते गावाला ठावं हाय. उतरंडीत तळाच्या मडक्यात हुलगं हायेत. हुलगं समद्यांच्याच घरी हायेत. गेणूच्या पाठीवर तीळ हाय.

"त्यो उघडाच फिरतो," आतून आवाज आला. "कुनाला बी दिसतोय."

आईचा आवाज ऐकून गेणूने भोकाड पसरलं. रतनबाईचा हात आपसूक दारावर गेला. आत साळूची पावलं धावली.

"उगी रं माझ्या वाघा. रडायचं न्हाई. गप बसला न्हाईस तर त्या बाईला बोलवीन, बघ."

ते शब्द, तो सूर, शेवटी 'बघ'वर दिलेला हेल, सगळं रतनबाईचं स्वतःचंच होतं. आपण असं बोलतो हे तिला त्या घटकेपर्यंत ठाऊक नव्हतं. मग वाटीवर काहीतरी खडखडलं, पेज भुरकल्याचा आवाज आला आणि रडं थांबलं. तिच्या हातून थांबतं त्यापेक्षा लवकरच थांबलं.

"काय गं रतन, आपल्याच दारात भिकाऱ्यावानी का हुबी?"

झुंबरबाई कुंपणापाशी आली होती. हकीकत ऐकल्यावर ती तोऱ्यात पुढे झाली आणि तिने दारावर थाप मारली.

"साळे, मी झुंबरआजी. ही तुझी आयच हाय. मी सांगते."

"आजी, तू झुंबरआजी हायेस ते कशावरनं?"

साठ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. झुंबरबाई ओट्यावरच बसली. थोड्या वेळाने तिचे खांदे हलू लागले. रतनबाईला वाटलं म्हातारीला उबळ आली. ती हसत होती.

"मला सांग," डोळे पुसत ती म्हणाली, "तुला आत जाऊन करायचं काय हाय?"

रतनबाईने बंद दाराकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"पोरं आत. कडी आतनं. करवंदं तेवढी बाहेर. जा की बाजाराला. मी काय, शेजारीच हाय."

रतनबाई गेली. या खेपेला ओढ्यापाशी तिने पाटी उतरवली नाही, पण मान दोनदा वळली. लोणावळ्याला पोचेतो बाजार निम्मा उठला होता, तरी एका बंगल्यावरच्या स्वयंपाक्याने अख्खी पाटी एकदम घेतली. शेजारच्या भाजीवालीला तिने सकाळची गोष्ट सांगितली. गाऱ्हाणं म्हणून सांगायला सुरुवात केली खरी, पण सांगून होईतो ती बढाई झाली होती.

परत येताना ती इतकी भराभर चालली की घरी पोचली तरी ऊन डोंगरमाथ्यावर रेंगाळतच होतं. आता आणखी घटकाभर बाहेर बसावं लागणार, असं म्हणत तिने ओट्यावर पाऊल ठेवलं. तिने हाक मारण्याआधीच कडी वाजली.

आत झाडलोट झालेली. गेणू गोधडीवर पालथा झोपलेला, गालाला पेज वाळलेली. साळू सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती.

"आता कसं वळखलंस गं?"

"चालन्यावरनं."

"आन् सकाळी?"

"सकाळी बी."

रतनबाई डोक्यावरची चुंबळ सोडवत होती. तिचे हात थांबले.

"सकाळी बी वळखलंस?"

"व्हय. पदर तोंडाला धरला व्हतास तवाच."

"मग कडी का न्हाई काढलीस? मला उन्हात हुबी केलीस, त्या म्हातारीला..."

साळूने एक खडा वेचून दारातून बाहेर टाकला आणि मगच उत्तर दिलं.

"काढली असती तर तू गेलीच नसतीस," ती म्हणाली. "आज न्हाई, आन् पुन्यांदा बी न्हाई."

रतनबाई चुंबळ बाजूला ठेवून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

गोधडीवर गेणू चाळवला आणि कुरकुरला. दोघीही एकदमच उठल्या. मग रतनबाई पुन्हा खाली बसली.