बाहेर आल्याची वेळ

मित्रांनो, मी एका सरकारी कोळसा खाणीची जुनी हजेरीवही आहे. एकेचाळीस वर्षं अभिलेखागारात काढली, पण माझा राग काही उतरलेला नाही.

खाणीच्या दारावरचा कारकून प्रत्येक कामगाराच्या नावापुढे दोन रकाने भरायचा. आत गेल्याची वेळ आणि बाहेर आल्याची वेळ. अक्षर मोत्यासारखं. पाहुणे आले की साहेब मला उघडून दाखवत, "वही असावी तर अशी!"

एका सकाळी बोगद्यात पाणी घुसलं. आत सतरा जण होते. अकरा जणांचे देह सापडले. चौकशी बसली, मला पुरावा म्हणून नेलं आणि अहवालात मृत लिहिले अकराच. उरलेले सहा जण म्हणे त्या दिवशी कामावर आलेच नव्हते! माझ्या पानावर सतरा नावं धडधडीत दिसत असताना! मग 'गोपनीय, तीस वर्षे' असा शिक्का मारून मला गठ्ठ्यात बांधलं.

सरकारी कागद जपायचे आणि मुदत सरली की लोकांपुढे ठेवायचे, यासाठीच तर अभिलेखागार असतं. मुदत सरली, पण माझी दोरी कुणी सोडली नाही. तळघरात गळक्या नळाखाली माझी पानं एकमेकांना चिकटली. वाळवीही लागली. तिच्यावर मी रागावत नाही. ती बिचारी नावं वाचून खात नाही.

गेल्या वर्षी त्या सहांपैकी एकाची मुलगी आली. बाप घर सोडून पळाला, हे टोमणे ऐकत ती वाढली होती. तिसऱ्या खेपेलाही अधिकारी खुर्चीतून न उठता म्हणाला, "बाई, सगळं शोधलं. नाही सापडत."

कागद दुरुस्त करणाऱ्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तिच्याकडून खाणीचं नाव घेतलं, स्वतः तळघरात उतरल्या आणि मला वर आणलं. दोन महिने त्यांनी एकेक पान बोथट पात्याने सोडवलं आणि पातळ खळ लावून झिरझिरीत कागदावर बसवलं.

अधिकारी तणतणला, "ही उघडायला वरून परवानगी लागेल!"

"मुदत सरून दहा वर्षं झाली, साहेब. नियम तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरच लावलाय. वाचून दाखवू?"

त्याने मुकाट्याने सही केली.

वाचनकक्षात मुलीने विचारलं, "हात लावू का?"

"लावा," बाई म्हणाल्या.

तिने वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. पहिल्या रकान्यात सकाळचे सात. दुसरा रकाना कोरा. तिने तिथूनच घरी फोन लावला. "आई, बाबा आत गेले होते गं. बाहेर आलेच नाहीत."

पलीकडून म्हातारी कडाडली, "मग इतकी वर्षं मी काय सांगत होते?"

मित्रांनो, वह्या नीट ठेवा, ओल लागू देऊ नका, हे तर मी सांगतेच. पण नुसती कपाटात जपलेली वही कुणाच्या कामाची? आम्हाला मागा. 'नाही सापडत' म्हणाले, तर पुन्हा जाऊन मागा. त्या सहांपैकी उरलेल्या पाच नावांपुढचा रकानाही कोराच आहे, आणि त्यांच्या घरचं अजून कुणीही आलेलं नाही.