जड खुरपं

दुकानात सासूबाईंनी दुसरं खुरपं वाकवलं, तेव्हा दुकानदार खुर्ची सोडून काउंटरच्या बाहेर आला.

"आजी, आधी विकत घ्या, मग वाकवा."

"वाकल्यावर कशाला विकत घेऊ?" सासूबाई म्हणाल्या आणि तिसऱ्याकडे हात केला.

मागे उभ्या सुनेला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं होतं. दोघी निघाल्या होत्या डोळ्यांचे थेंब आणायला. औषधाचं दुकान पलीकडच्या फुटपाथला, आणि सासूबाई सरळ चालत या हत्यारांच्या दुकानात घुसल्या होत्या. त्यांची पद्धत साधी होती. खुरप्याचं टोक दुकानाच्या पायरीच्या फटीत रोवायचं आणि मुठीवर अंगाचा भार टाकायचा. पातं मुठीला मिळतं तिथे मान असते. पत्रा दाबून केलेलं खुरपं तिथेच मान टाकतं. दोन्ही खुरप्यांनी टाकली होती.

"ही ट्रॉवेल घरगुती आहे," दुकानदार म्हणाला. "कुंडीत जरा माती हलवायला. हिच्यावर एवढा जोर कोण लावतं?"

"तू ट्रॉवेल म्हण, कोणी खुरपं म्हणेल. मुळाशी दगड लागला की तो नाव विचारत नाही. आणि रागावताना तोंड एवढं उघडू नकोस, डावीकडची खालची दाढ किडलीय तुझी."

दुकानदाराचा हात आपोआप गालावर गेला. सुनेने हसू ओठात दाबलं. सासूबाई दातांच्या डॉक्टर. गावभर त्यांना दातवाल्या बाई म्हणत. दवाखाना बंद झाला तरी नजर चालूच होती.

दवाखाना बंद केला तोही त्यांनीच. एके दिवशी पेशंटच्या तोंडातला छोटा आरसा त्याच्या दातावर टकटक वाजला. हात थरथरत होता. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला, पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं आणि त्या दुपारी दारावरची पाटी स्वतः उतरवली. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला कळलंही नव्हतं.

त्यानंतर गच्चीवरच्या कुंड्या हेच त्यांचं काम झालं. मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, तेही खुपायला लागलं. तो इंजिनियर. आईचा हात थरथरतो, मग हत्यार हलकं हवं, असा त्याने हिशेब मांडला आणि अल्युमिनियमचं, पिसासारखं खुरपं आणून दिलं. मुठीला बोटांसाठी खाचाही होत्या, कोणा दुसऱ्याच बोटांच्या मापाच्या. ते खुरपं थरथरत्या हातात नाचलं, कुंडीच्या काठावरून घसरलं आणि डाव्या अंगठ्यात घुसलं. दोन टाके. झालं. त्याने फर्मान काढलं: रविवारी नर्सरीवाल्याचा टेम्पो येईल, सगळ्या कुंड्या घेऊन जाईल. "आता शांत बस ना गं आई. खूप केलंस आयुष्यभर."

शांत बस. म्हाताऱ्या माणसाला हे वाक्य किती प्रेमाने सांगतात लोक. आपण कोणाला जिवंत असताना फोटोच्या चौकटीत बसवतोय, हे त्यांना कळत नाही. सून हे ऐकून गप्प बसली होती. बायकोने नवऱ्याच्या आईबद्दल नवऱ्याशी भांडायचं म्हणजे दोन्हीकडून मार, म्हणून गप्प. ते तिचं तिलाच आवडलं नव्हतं.

"ते वरचं दे," सासूबाई म्हणाल्या.

दुकानदाराने वरच्या फळीवरून काढलेलं खुरपं दिसायला काहीच नव्हतं. काळपट, पातं अरुंद आणि पन्हाळीसारखं खोल, मूठ साध्या लाकडाची, गोल. पात्यापासून मुठीच्या आतपर्यंत एकच लोखंड गेलेलं. मानेला जोड नाही.

"हे माळी लोक नेतात. तुम्हाला जड होईल."

"आई, खरंच जड आहे हो," सूनही म्हणाली.

सासूबाईंनी ते हातात घेतलं. सून त्यांच्या मनगटाकडे बघत होती, कारण ते आता कसं हलेल याची तिला भीती होती. मनगट हललंच नाही. म्हणजे आत कुठेतरी हललं असेल, पण एवढं लोखंड हलवण्याइतकं त्या थरथरीत बळ नव्हतं. टोक जिथे रोखलं होतं, तिथेच राहिलं. मग त्यांनी ते पायरीच्या फटीत रोवलं आणि भार टाकला; मान वाकली नाही.

सून पडद्यांच्या दुकानात कापड बेतते. हलकी कात्री लांब कापडावर वाकडी पळते, जड कात्री सरळ जाते, हे तिच्या बोटांना कधीपासून ठाऊक होतं. स्वतःची कात्री तिने वजन बघूनच घेतली होती. आणि इथे ती म्हणत होती, आई, जड आहे हो. तिला स्वतःचा असा राग आला की पायरीत रोवलेलं ते खुरपं तिनेच ओढून काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"हेच द्या. आणि ती वाकलेली दोन्ही लावा बिलात."

"मी देणार नव्हते त्याचे," सासूबाई म्हणाल्या.

"माहितीय मला, आई."

रविवारी टेम्पो यायच्या आत दोघी गच्चीवर होत्या. सासूबाई पाटावर बसल्या. समोर लिलीची कुंडी. तिच्यात कंदांची एवढी गर्दी झाली होती की माती नावाला उरली होती आणि फूल यायचं थांबलं होतं.

"अक्कलदाढ आहे ही," त्या म्हणाल्या. "जागा नाही तिथे उगवलीय. आता बघ. दाढ कोणी उपटत नाही. उपटणं हा न्हाव्याचा धंदा. दाढ सैल करायची असते."

त्यांनी कोपर कुंडीच्या काठावर टेकवलं, खुरपं कुंडीच्या भिंतीला चिकटवून सरळ खाली उतरवलं. आत गेल्यावर मूठ जरा बाहेर, जरा आत. काढलं, चार बोटं पुढे, पुन्हा खाली. घाई नाही. अरुंद पातं कंदांना न शिवता भिंतीलगत फिरत होतं. सून बघत होती. हा हात तिने फक्त चपाती वाढताना, चष्मा पुसताना, थरथरताना बघितलेला. बाईंना काम करताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पाटी उतरलेली होती. लोक का म्हणत, बाईंनी दाढ काढली तेव्हा कळलंच नाही, ते तिला आत्ता कळत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. नवरा वर आला, मागे नर्सरीवाला.

"आई, हे काय? पुन्हा? आणि हे असलं लोखंड कोणी दिलं तुझ्या हातात?"

"मी," सून म्हणाली.

"तुला वेड लागलंय का? परवाचे टाके..."

"तू थांब जरा," सून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण तो थांबला. "बोलायच्या आधी त्यांच्या हाताकडे बघ."

त्याने बघितलं. खुरपं मुळाखाली शिरलं होतं. खाली टणक काहीतरी लागलं, खडा असावा. पातं कर्रकन वाजलं. नवरा पुढे झाला, सुनेने त्याचा शर्ट धरला. सासूबाईंनी टोक बोटभर मागे घेतलं, खड्याला वळसा घातला आणि मूठ खाली दाबली. कंदांचा अख्खा गठ्ठा मातीसकट वर आला, एकही कंद न चिरता. नर्सरीवाला पुटपुटला, "आमच्याकडे अर्धे कापले जातात."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर कौतुक दिसलं. लगेच जुनी काळजी परत आली. आज जमलं, उद्याचं काय, असं ते तोंड बोलत होतं.

सासूबाईंनी खुरपं खाली ठेवलं. हात रिकामा झाला तशी थरथर परत आली, सगळ्यांच्या देखत. त्यांनी ती लपवली नाही. एकमेकांत गुंतलेल्या मुळांकडे बघितलं, मग तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून सुनेच्या ओंजळीत दिला.

"हे सोडवायचं काम तू कर. इथे नुसती बोटं लागतात. माझी बोटं आता मुळं तोडतील."

सून मुळं सोडवू लागली, एकेक करून, जशी गुंतलेली दोरी सोडवतात. सासूबाई सांगत होत्या, "खालून. ओढू नकोस. हं, आता सुटेल."

नवरा उकिडवा बसला आईजवळ. "तुला कळतं तर," तो म्हणाला. "कुठे थांबायचं ते."

"दवाखान्याला कुलूप लावताना तुला विचारायला आले होते का?"

तो उठून नर्सरीवाल्याला म्हणाला, "तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. कुंड्या इथेच राहतील."

"मी तुझी परवानगी मागितली नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. मी त्यांना सांगतोय."

"मग त्यांना असं रिकामं पाठवू नकोस. चार कंद दे बांधून. आणि खाली जाऊन मातीचं पोतं घेऊन ये वर, एवढे कंद मी काय डोक्यावर लावू?"

नर्सरीवाला हसला. इंजिनियर निमूट जिना उतरला. सुनेने पहिला सुटा कंद पाटाशेजारी ठेवला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला, आणि पुढची रिकामी कुंडी पायाने जवळ ओढली.