दाराआड ठेवलेली कुबडी

मी कुबडी बोलतेय. जरा भराभर बोलते, कारण स्वस्थ उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. नुसतं टेकवून ठेवलं की मी घसरते.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं. गॅरेजात जॅक सरकला, मल्हाररावांच्या डाव्या पायावर गाडी आली आणि मी त्यांच्या काखेत आले. तेव्हापासून घर त्यांच्या बायकोच्या, सुमित्राबाईंच्या शिलाईवर चालतं. सुई ओवताना त्यांच्या डोळ्यांना आता धार लागते. अपंगांची पेन्शन मिळाली तर मशीन जरा थांबेल, एवढीच आशा.

पेन्शनला चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तपासणीला सरकारी दवाखान्यात गेलो, तर यांनी मला दाराआडच ठेवलं. पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले घोडेस्वार; साहेबापुढे टेकून उभं राहायचं नाही, ही घराण्याची रीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! दार उघडं होतं. हे दात आवळून चालत होते आणि बाहेर माझा जीव खालीवर होत होता. चालताना कसं वाटतं, डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं.

"परवागिल्ल," हे म्हणाले.

म्हणजे ठीक आहे, चालायचंच. इथे ताप असो की भांडण, उत्तर हेच. दाखल्यावर तीस टक्के आले.

अर्ज भरून दिला होता मृण्मयीने. नाशिकहून इथल्या बोगादी भागात राहायला आलेली ही मुलगी सुमित्राबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकते. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा ते उत्तर बाहेर आलं.

"काका, मी इथे शिकलेला पहिला शब्द हाच," ती म्हणाली. "नळाला पाणी नसलं की घरमालक हेच म्हणतात."

सुमित्राबाईंनी मशीन थांबवलं. "पाय गेला, परवागिल्ल. माजे डोळे गेले तरी तेच म्हननार, अल्वा, न्हाई का?"

मृण्मयीने फेरतपासणीचा अर्ज केला आणि बजावलं, कुबडी आत न्यायची, खरं ते सांगायचं.

दुसऱ्या खेपेला दाराशी त्यांची पकड सैल झाली. ठेवतात पुन्हा, मला वाटलं. पण मला आत नेलं. डॉक्टरांनी मला भिंतीशी ठेवायला लावून चालायला सांगितलं. एक पाऊल पडलं, दुसऱ्याला यांनी टेबल धरलं. कसं आहे, तोच प्रश्न आला. त्यांचे ओठ 'प'साठी मिटले. मग उघडले.

"आगल्ला, सार," ते म्हणाले. होत नाही. मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही.

चाळीस टक्क्यांचा दाखला मिळाला. पेन्शन अजून यायची आहे. परवा शेजाऱ्याने पायाचं विचारलं, तर मला दाराआड सारून हे हसत म्हणाले, "परवागिल्ल."

म्हणून विनवते. तुमच्या घरचं कुणी असं म्हणालं, तर लगेच पुढे जाऊ नका. एकदा दाराआड बघा. मी तिथे असेन, घसरायच्या बेतात.