अडीच मिलिमीटरची गोलाई

हेडली ऑर्मरॉडची गाडी नापास झाली ती इंजिनामुळे नाही, ब्रेकमुळे नाही आणि धुरामुळेही नाही. नापास झाली ती कडांमुळे. माणसाने नऊ वर्षं गॅरेजात खपून दोन सीटची उघडी मोटार उभी करावी आणि सरकारने तिच्या कडा चाचपत बसावं, याचा कुणालाही संताप येईल. पण नियम आहे. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची, तर जिथे जिथे कुणाचं अंग आपटू शकतं तिथली प्रत्येक कड अडीच मिलिमीटर तरी गोल हवी. रस्त्यावरच्या पोराचा गाल फाटू नये म्हणून केलेला नियम, त्याच्यावर रागावणार तरी किती?

हेडली रागावला. तपासणाऱ्या बाईचं नाव लिनेट प्रॉथेरो. चाळिशीची, वेल्सकडची, आवाज अगदी शांत.

"अकरा जागा आहेत, मिस्टर ऑर्मरॉड."

"शक्यच नाही. एकूणएक कड मी हाताने बघितलीय. चव्वेचाळीस वर्षं लेथवर काढलीत बाई, मला कडा शिकवू नका."

तिने वाद घातला नाही. डॅशबोर्डखालच्या पत्र्याकडे बोट केलं. "इथे हात फिरवून बघा."

त्याने फिरवला. "लोण्यासारखं आहे."

"आता बोट बघा."

बोटातून रक्त येत होतं. हेडली त्याकडे बघतच राहिला. त्याला काहीसुद्धा लागलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या लोखंडाने बोटांची टोकं अशी जाड झाली होती की कापलेलंही कळत नव्हतं, आणि त्याच बोटांच्या भरवशावर तो नऊ वर्षं गाडी घासत बसला होता. प्रॉथेरोबाईंनी खिशातून कागदी रुमाल काढून दिला.

"बाकी गाडी फार सुरेख बांधलीय," त्या म्हणाल्या. "मनापासून सांगते. कडा गोल करून आणा, तीन आठवड्यांनी परत बघू."

दुसऱ्या कुणाला तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. हेडलीला होते. डोळ्यांच्या डॉक्टरने वसंतातच सांगून ठेवलं होतं, की आज तुम्ही गाडी चालवू शकता, पुढच्या वर्षी बहुधा नाही. मधे कधी थांबावं लागेल ते मला सांगता येत नाही. तेव्हापासून त्याची एकच धडपड होती. नजर आहे तोवर गाडी रस्त्यावर आणायची आणि एकदा, निदान एकदा, माळ ओलांडून मोरकॅमच्या समुद्रापर्यंत स्वतः चालवत न्यायची. बेरिलला शेजारी बसवून.

बेरिल म्हणजे त्याची बायको. या गाडीशी तिचं नऊ वर्षं वाकडं होतं. गाडीपायी तिचं कपडे धुण्याचं मशीन गॅरेजातून स्वयंपाकघरात आलं आणि मशीनपायी जेवणाचं टेबल भिंतीला चिकटलं. पाहुण्यांना ती सांगायची, "हेडली ना? गॅरेजात आहे, धाकटीकडे."

त्या संध्याकाळी तो बोटाला पट्टी बांधून स्वयंपाकघरात बसला होता. चहा तसाच गार झालेला.

"नापास केलं?" बेरिलने विचारलं.

"हातांनी केलं." त्याने दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. "यांना काही कळतच नाही गं आता. डोळ्यांना दिसत नाही, हातांना कळत नाही. त्या बाईने अकरा दाखवल्या. तिला न दिसलेल्या किती असतील ते देव जाणे."

बेरिलने कपाट उघडलं, औषधांच्या डब्यातून चिकटपट्ट्यांचं पुडकं काढलं आणि गॅरेजाकडे चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"तुझ्या धाकटीला भेटायला. चल, दिवा लाव. आणि मधे मधे बोलायचं नाही."

तिने डोळे मिटले आणि समोरच्या दिव्यापासून सुरुवात केली. आरशाचा दांडा, दाराची चौकट, चाकावरचा पत्रा, सीटमागची नळी, सगळ्यांवरून तिचे हात सावकाश फिरत गेले. बोचलं की "इथे" म्हणायची आणि तिथे पट्टी चिकटवायची. नऊ वर्षांत तिने या गाडीला पहिल्यांदा हात लावला होता. तासाभराने गाडीवर सदतीस पट्ट्या होत्या. मारामारी करून आलेल्या पोरासारखी दिसत होती बिचारी.

"सदतीस!" हेडली कपाळाला हात लावून म्हणाला.

"आणि तू मला चव्वेचाळीस वर्षांच्या गोष्टी सांगतोस." तिने हात पुसले. "पण खरं सांगू? छान आहे रे ही. मला वाटायचं नुसता पत्र्याचा पसारा असेल."

यानंतर कानस हेडलीची आणि बोटं बेरिलची. तो घासायचा, ती हात फिरवायची, मान हलवायची, तो पुन्हा घासायचा. एकेक पट्टी निघत गेली. तीन आठवड्यांनी प्रॉथेरोबाईंनी पाऊण तास गाडी चाचपली आणि एकही बोचरी कड सापडली नाही, तेव्हा त्या स्वतःच हसल्या. हेडलीने त्यांचा हात इतका वेळ हलवला की बेरिलला त्याची बाही ओढावी लागली.

मग कागद पाठवले. कागद म्हटले की वेळ जायचाच. गाडीच्या नंबराचं पत्र आलं तेव्हा सप्टेंबर संपत होता. हेडलीने स्टेशनाजवळच्या दुकानातून नंबरपाट्या करून आणल्या, पुढे पांढरी, मागे पिवळी, आणि सकाळी दहाच्या उन्हात गाडी घरासमोर काढून बसवल्या. बेरिलने सँडविचं बांधली, डोक्याला रुमाल गुंडाळला. हेडली गाडीकडे डोळे भरून बघायला रस्त्याने मागे मागे सरत गेला, वीसेक पावलं.

"काय वाचतोयस?" बेरिलने हाक मारली. त्या अंतरावरून पाटी वाचता आली तरच गाडी हाकायची, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं.

हेडलीने नंबर मोठ्याने म्हटला. एकही अक्षर चुकलं नाही.

"शाब्बास! चल तर मग, समुद्र वाट बघतोय."

तो हलला नाही. बेरिलने सँडविचांची पिशवी खाली ठेवली.

"हेडली?"

"पत्र आल्यापासून पाठ आहे मला तो," तो म्हणाला. "इथून नुसतं पिवळं दिसतंय."

समोरच्या घरातली बाई खिडक्या पुसत होती. तिने हात हलवला, बेरिलनेही हलवला. हेडलीला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. राग नाही आला. एकदा तरी, एवढंच मागितलं होतं त्याने. नंबर बिनचूक म्हटला होता, बायकोने शाब्बासही म्हटलं होतं. किल्ली फिरवली असती तर कुणाला कळणार होतं? पण कडेने पोरं सायकली हाकत होती.

तो परत आला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मी?" बेरिल घाबरली. "बाजाराला नेते ती गाडी वेगळी, मला नाही जमायची ही. माझे पाय कुठे पोचतायत तिथवर!"

सीट त्याने आपल्या लांब तंगड्यांच्या मापाने बसवली होती. दुसरं कुणी तिथे बसेल असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"पाच मिनिटं दे," हेडली म्हणाला. गॅरेजातून पाना आणून तो रस्त्यावरच गुडघे टेकून बसला, सीटखाली हात घातला आणि पहिला बोल्ट सैल करायला लागला.