लोटांगणाचं पान

‘चिखलफेक’ हे मोटोक्रॉसचं, म्हणजे चिखलमातीतल्या मोटारसायकल शर्यतींचं, मासिक रायडर मंडळी मागून पुढे वाचत. मुखपृष्ठावर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या कंपनीची जाहिरात आत, तिची गाडी बाहेर. गाड्यांच्या परीक्षणात आजवर एकही वाईट गाडी निघाली नव्हती, त्यामुळे परीक्षक एक तर नशीबवान असावा किंवा शहाणा. मुलाखतींतले विजेते यशाचं श्रेय आईवडिलांना आणि एकाच कंपनीच्या इंजिन ऑइलला देत.

शेवटचं पान मात्र वेगळं होतं. त्याचं नाव ‘लोटांगण’. महिन्यातली सगळ्यात जबरी आपटी तिथे छापून येई: गाडी वर आणि रायडर खाली, नाहीतर दोघंही हवेत आणि एकमेकांशी बोलणं बंद. तिथे वशिला चालत नसे. अट एकच, पडणाऱ्याने आपल्या पायांनी उठून शर्यत पुरी केलेली असावी. फोटोखालची ओळ तो स्वतः लिही आणि तिच्या काना-मात्रेलाही संपादक हात लावत नसत. ‘ज्याचा फोटो, त्याची ओळ’ असं त्यांनी पहिल्याच अंकात ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि मासिकात पाळलं जाणारं हे एकमेव वचन होतं.

ते पान रायडर आपल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत. करंडक काय, घरी कपाटात धूळ खात पडतो. पेटी ट्रॅकवर चारचौघांत उघडते.

डॉक्टरणीच्या पेटीचं झाकण कोरं होतं.

डॉक्टरीण म्हणजे दातांची. आठवडाभर ती रायडरांचे पडलेले दात बसवायची आणि रविवारी स्वतः गाडी घेऊन ट्रॅकवर जायची. ‘गिऱ्हाईक गोळा करायला येते,’ असं मंडळी म्हणत. बाकी त्यांनी तिला आपल्यात घेतलं होतं, म्हणजे तिचा पाना न विचारता उचलायचे आणि परत द्यायचे नाहीत.

मागच्या शर्यतीत दोन टेकाडांवरून एका झेपेत उडी मारताना तिची उडी हातभर कमी पडली. पुढचं चाक मातीत रुतलं, ती हँडलवरून पुढे गेली, आणि गाडी तिच्या डोक्यावरून आणखी पुढे. ती उठली, तोंडातली माती थुंकली, वाकडं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं आणि शेवटून दुसरी आली. शेवटच्याची गाडी वाटेतच बंद पडली होती.

फोटोवाल्याने अख्खा प्रसंग टिपला. उंटाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पाहिला. उंट म्हणजे लांब मानेचा चॅम्पियन, तीन लोटांगणांचा धनी आणि अत्यंत मितभाषी माणूस. तो एवढंच म्हणाला, “आईशप्पथ!”

अंक आला. लोटांगणात सुरुवातीच्या फाटकापाशी बसल्या जागी कलंडलेला एक इसम होता. तीनचाकी सायकलवरून पोर पडावं, तसा.

त्याच आठवड्यात संपादकांची दाढ ठणकू लागली आणि ते तिच्याच खुर्चीत येऊन आडवे झाले. तिने त्यांच्या तोंडात कापूस कोंबला, थुंकी ओढणारी नळी अडकवली आणि मग विचारलं, “माझं लोटांगण का नाही छापलं?”

“आँ, आँऽ,” संपादक म्हणाले.

“सावकाश सांगा. मी आहे इथेच.”

चूळ भरून झाल्यावर त्यांना कंठ फुटला. “डॉक्टर, मी तुमचा आब राखला! बाईमाणूस, डोकं खाली, पाय वर… बरं दिसत नाही हो.”

“आणि पुरुषमाणूस बरा दिसतो?”

“पुरुषाचं काय, तो पडायलाच जन्माला आलाय. तुम्हाला मी मुखपृष्ठ देतोय! महिला विशेषांक. पांढरा सूट, हेल्मेट काखेत, केस मोकळे.”

“केस मोकळे सोडले तर चेनमध्ये जातील.”

“छे, गाडी बंदच असणार!” संपादकांनी तिला धीर दिला.

तिने दाढ अगदी नीट भरली. सूड घ्यायचा तर दाढेवर घ्यायचा नाही, एवढं तिचं शिक्षण झालं होतं.

घरी सासूबाई हरखून गेल्या. “मुखपृष्ठ देतायत आणि तू शेवटचं पान मागतेस? पुढचं दार उघडं असताना मागच्या दारानं कशाला शिरायचं?”

“आई, त्या घरात सगळे मागच्याच दारानं येतात. पुढचं दार नुसतं भिंतीवर रंगवलंय.”

“मला विचारशील तर…” नवरा म्हणाला.

“नाही विचारत,” ती म्हणाली, आणि त्यानेही सुटकेचा श्वास सोडून वर्तमानपत्र वर धरलं.

ती तशी भांडून मोकळी होणारी होती. पण या खेपेला तिने दोन दिवस विचार केला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेशंटांसाठी ठेवलेले ‘चिखलफेक’चे जुने अंक होते, त्यातला तळाचा, कोपरे झिजलेला अंक काढून पुन्हा वाचला. मग संपादकांना फोन करून मुखपृष्ठाला होकार कळवला.

बातमी ट्रॅकवर पोचायला वेळ लागला नाही. रविवारी उंट तिच्या कोऱ्या झाकणाकडे बघत म्हणाला, “गेलीस का विकली? आता शांपू कुठला वापरतेस, तेही सांग.”

“तुझ्या पुढच्या दाताची कॅप तात्पुरती बसवलीय मी,” ती म्हणाली. “जपून बोल.”

फोटोसाठी तिला ट्रॅकच्या कडेला, हिरवळीवर उभं केलं. सूट इतका पांढरा की तिला ऑपरेशनला चालल्यासारखं वाटलं. जाहिरातवाल्यांच्या बाईंनी तिच्या डाव्या बुटावर ब्रशने दोन शिंतोडे उडवले.

“हे काय?”

“चिखल. कॉफी दाट कालवलीय. खऱ्या चिखलाचा रंग फोटोत नीट येत नाही.”

खरा चिखल वीस पावलांवर फुकट पडला होता. ‘हसा’ म्हटल्यावर डॉक्टरीण हसली. दात तिचे स्वतःचे होते, ही गोष्ट रायडरांत दुर्मीळ.

मग ती संपादकांच्या कचेरीत गेली. त्यांनी टेबलावर फोटो पसरला होता. “झकास! खाली ओळ टाकतोय, ‘सौंदर्याला वेगाची साथ’.”

“गाडी उभी आहे,” ती म्हणाली. “आणि ओळ मी लिहिणार. ज्याचा फोटो, त्याची ओळ.”

“अहो, तो नियम लोटांगणाचा.”

“पहिल्या अंकात तसं कुठे म्हटलंय? कुणाचाही फोटो, कुठलंही पान. माझ्या दवाखान्यात आहे तो अंक. दाढ दुखणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, निम्म्या रायडरांना तो पाठ झालाय.”

तिने पेन काढून फोटोखाली लिहिलं: ‘हा चिखल कॉफीचा आहे. खरा शेवटच्या पानावर.’

संपादकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “जाहिरातदार जातील हो.”

“मग बदला ओळ. रविवारी मी ट्रॅकवर एवढंच सांगेन, की संपादकांनी ओळ बदलली.”

“ही दादागिरी झाली.”

“हो.”

“आणि हे छापून शेवटच्या पानावर तुम्ही नसलात, तर लोक मला खोटारडा म्हणतील.”

“ते तर मुखपृष्ठाबद्दल आत्ताही म्हणतात. शेवटच्या पानाबद्दल म्हणू नयेत, अशी माझीही इच्छा आहे. तेवढं एकच पान आहे तुमच्याकडे.”

संपादकांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत पहिलंवहिलं लोटांगण टांगलेलं होतं. एक सडपातळ तरुण उलटा होऊन काटेरी झुडपात शिरत होता. खाली ओळ होती, ‘झुडूप मऊ नव्हतं.’ संपादकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो ते स्वतःच होते, आणि ओळही त्यांचीच.

“माझी अडचण समजून घ्या, डॉक्टर.”

“समजली. आता जागा करा.”

अंक निघाला. चेनच्या ग्रीसवाला जाहिरातदार तणतणत निघून गेला. पण त्याचं ग्रीस ट्रॅकवर कुणी वापरत नसल्याने सुतक कुणालाच पडलं नाही. सासूबाईंनी शेजारणीला मुखपृष्ठ दाखवलं. शेजारणीने ओळ मोठ्यांदा वाचली आणि साहजिकच पान उलटलं. सासूबाईंनी तडक दवाखान्यात फोन लावला. “त्या दिवशी तू पाय घसरला म्हणाली होतीस!”

“घसरलाच होता, आई.”

“घरी ये, बघते तुझ्याकडे. आणि येताना आणखी दोन अंक आण.”

रविवारी डॉक्टरणीने पेटी उघडली. उंटाने न विचारता तिची चिकटपट्टी उचलली, दाताने तोडली आणि पान झाकणाला लावून दिलं. गाडीच्या खाली हवेत तरंगणारी डॉक्टरीण, आणि तिची ओळ: ‘आधी गाडी पोचली, मग मी.’

“वाकडं लागलं,” उंट म्हणाला.

“राहू दे. आणि चिकटपट्टी दाताने तोडू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?”

उंटाने जिभेने चाचपून पाहिलं. कॅप चिकटपट्टीलाच राहिली होती.