आबांची चाल आणि कॉम्प्युटरचा सूर

सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक तिसऱ्या टेबलापाशी पोचले होते. मायाचं टेबल पाचवं. तिला धड बसवेना, धड उभं राहवेना.

शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून तासगावहून एस्टीनं आणला होता, मॉनिटर तर आबांच्या मांडीवर. प्रोग्राम मात्र अख्खा तिचा. बुद्धिबळाच्या प्रत्येक घराला तिनं एक सूर दिला होता. पटावर मोहरा हलला की माया ती चाल टाइप करी. निघाला त्या घराचा सूर, पोचला त्या घराचा सूर, असं मशीन गाऊ लागे. मोहरा मारला गेला तर वर एक तान. पहिला नंबर आला की राज्य प्रदर्शन, म्हणजे पुणं. मनानं ती कधीच पुण्यात उतरली होती.

पण घोडं पेंड खात होतं आबांपाशी. खेळायला तिनं वर्गातली शिवांजली घेतली आणि समोर आपले आजोबा, कारण फौजेतून परतल्यापासून आबांना तासगावात कुणी हरवलं नव्हतं. का हरत नाहीत ते आत्ता कळत होतं. एकेका चालीआधी ते पुतळ्यासारखे बसत. पट गप्प, म्हणून मशीनही गप्प.

"आवं आबा, खेळा की कायतरी."

"कायतरीच खेळायचं असंल तर जा, फुगडी घाल."

शिवांजली फिस्सकन हसली. परीक्षक चौथ्या टेबलाकडं सरकले.

मायाचा धीर सुटला. पुढची चाल होईपर्यंत मशीननं शेवटचे दोन सूर घोळवत राहावं, एवढी एक ओळ घातली की काम फत्ते. तिनं प्रोग्राम थांबवला, ओळ घातली, परत चालू केला आणि मग तिला आठवलं. ओळ बदलली की मशीन आधीचं सगळं विसरतं, हे सरांनी बजावून बजावून सांगितलं होतं. टेबलावर डाव ऐन रंगात, अन् मशीनच्या लेखी एक प्यादंसुद्धा हललेलं नव्हतं.

"काय झालं गं?" आबांनी पटावरची नजर न काढता विचारलं.

"सगळा डाव पुसला, आबा. माझ्याच हातानं."

"मशीनचा पुसला. माझा हाय की डोक्यात."

आणि ते पहिल्यापासून आपल्या चाली सांगत सुटले, मधेमधे शिवांजली तिच्या. आता विचार करायचं कुणाला कामच नव्हतं. मायाची बोटं पळू लागली आणि सकाळपासून रखडलेला डाव एका दमात वाहायला लागला. घोड्यांच्या उड्या, उंटांच्या तिरक्या घसरणी, शिवांजलीचा हत्ती पडल्याची तान. शेजारची ज्वालामुखीवाली पोरं आपला डोंगर सोडून इकडं गोळा झाली. त्यांच्यामागं परीक्षक कधी येऊन उभे राहिले, मायाला कळलंही नाही.

मग सांगण्याजोग्या चाली संपल्या. दोन सूर नुसते घोळत राहिले.

"पुढं?" परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

जिभेवर आलेल्या साऱ्या सबबी मायानं गिळल्या. "पुढचं अजून कुणालाच ठाऊक न्हाई, बाई. आबा इचार करत्यात."

बाईंनी घड्याळ पाहिलं, सहाव्या टेबलाकडं पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. आबांचा हात उंटापर्यंत गेला, घुटमळला, मागं आला.

"अहो," बाई पुटपुटल्या, "खेळा की."