हातच्याची वजाबाकी

मैथिली मॅडमची गणितं पोरांना गोड लागायची, कारण ती पोरांच्याच घरची असायची. दर शनिवारी त्या चौथीच्या वर्गाला विचारायच्या, "आठवडाभरात घरी काय काय झालं?" पोरांच्या तोंडाला कुठलं आलंय कुलूप! कुणाची म्हैस व्यायली, कुणाची आत्या नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागली, सगळं बाहेर यायचं आणि सोमवारी नावानिशी फळ्यावर उतरायचं. स्वतःचं नाव दिसलं की मागच्या बाकावरचं पोरगंही पेन्सिल चावणं सोडून कामाला लागे.

इथवर ठीक होतं. पण त्या साली 'तंत्रस्नेही शिक्षक' व्हायची लाट आली. मॅडमनी सगळ्या स्वाध्यायपत्रिका टाइप करून ड्राइव्हवर चढवल्या, धड्यानुसार फोल्डर लावले आणि लिंक अमरावती-अकोल्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. शिक्षण परिषदेत साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मॅडमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरांची नावं बदलावीत, असं एकदा मनात आलं होतं त्यांच्या. पण दोनशे पानं बदलणार कोण? शिवाय खरी नावं आहेत म्हणून तर कौतुक होतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मार्चमध्ये अकोल्याच्या एका शिक्षिकेचा मेसेज आला. "मॅडम, हातच्याच्या वजाबाकीचं पान वर्गात वापरलं. आमच्या घरचाही प्रश्न सुटला. माझ्या दिराची सोयरीक शेंदूरजनाघाटला ठरली होती. मुलीची बहीण महेजबीन तुमच्याच शाळेत आहे. बाग भरलेली आहे, असं सांगितलं होतं त्यांनी. तुमचे आभार."

मॅडमनी पान उघडलं. वर शाळेचं आणि गावाचं नाव ठसठशीत. खाली पाचवं गणित: 'महेजबीनच्या अब्बांच्या बागेत संत्र्याची ४२० झाडं होती. विहीर आटली म्हणून त्यांनी २६५ तोडली. किती उरली?'

त्यांनी फाइल उडवली. पण उपयोग काय? ती केव्हाच शेकडो मोबाइलांत जाऊन बसली होती. महेजबीन चार दिवसांपासून शाळेत का नाही, तेही आता कळलं. शाळा सुटताच त्या तिच्या घरी गेल्या.

अब्दुल रहीमनी, म्हणजे महेजबीनच्या वडिलांनी, खुर्ची दिली. "मोठ्या पोरीची, निखतची सोयरीक मोडली, मॅडम. बोलनी झाली तवा बाग उभी होती. मंग विहीर आटली. मी सांगनारच होतो त्याईले, वेळ पाहून राहिलो होतो."

त्यांची बायको हलीमाबी चहा घेऊन आली. "अन् या लहानीनं घात केला! नवरदेवाची अकोल्याची भाभी फोनवर बोलायची हिच्यासंग. हिनंच सांगतलं असन."

"ती काय म्हणते?" मॅडमनी विचारलं.

"म्हनते, मी फकत मॅडमले सांगतलं," रहीम म्हणाले. "आता बोला! मॅडम कायले कोनाले सांगन? तुमच्यावर आळ घेते म्हनून मी दोन थोबाडीत देल्या तिले."

ते पान या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. गप्प बसलं, चहा संपवला, की सुटका होती. हा विचार मॅडमच्या मनात आला, आणि अर्धा कप चहा होईपर्यंत त्यांनी तो मनात राहूही दिला. मग स्वतःचीच इतकी किळस आली की कप खाली ठेवावा लागला.

"रहीमभाई, पोरगी खरं बोलते. मीच सांगितलं. सगळ्यांना."

त्यांनी सगळं सांगितलं. गणित, लिंक, टाळ्या, आलेला मेसेज, काही लपवलं नाही. हलीमाबीनं पदर तोंडाला लावला. रहीम बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत बसले.

"माह्या पोरीले मी उगाच मारलं," एवढंच ते म्हणाले. मग आतल्या दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली, "महेजबीन, बाहेर ये बेटा. आता कोनी नाई मारत."

ती आली. बापाजवळ गेली. पण खुर्चीतल्या मॅडम दिसल्या आणि ती झटकन आईच्या मागे जाऊन उभी राहिली. मॅडमनी तिला दोनदा नावानं हाक मारली. तिनं आईचा पदर आणखीच घट्ट धरला.